एका चेंडूचा हिशेब

विजय हजारे हे नाव आमच्या पिढीला मुख्यतः एका करंडकामुळे ठाऊक आहे. करंडकाला ज्याचे नाव दिले जाते तो माणूस हळूहळू चांदीचाच होऊन जातो, त्याच्या हाडामांसाची चौकशी कोणी करीत नाही. मी ती केली याला कारण 1949 सालचा एक सामना. त्याची हकिगत ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तकात वाचली आणि त्या रात्री मला अभ्यास काही सुचला नाही.

हजारे 11 मार्च 1915 रोजी सांगलीत जन्मले. वडील शाळामास्तर, घरात आठ भावंडे. ज्या घरी पुस्तक हीच चैन, तिथून हा मुलगा बॅटीकडे वळला हे विशेष. देवासच्या महाराजांनी त्यांना आश्रय दिला आणि ऑस्ट्रेलियाच्या क्लॅरी ग्रिमेटकडून शिकण्याची सोय केली. हजाऱ्यांची बॅट धरण्याची तऱ्हा चारचौघांसारखी नव्हती. दोन हातांत अंतर असायचे. ग्रिमेट हा जगातला नावाजलेला फिरकी गोलंदाज, पण ही तऱ्हा बदलण्याच्या फंदात तो पडला नाही. गुरू असावा तर असा, असे मला वाटते.

हजारे धर्माने ख्रिस्ती. त्या काळी मुंबईत हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन असे जातवार संघ खेळत आणि उरलेल्यांचा 'शेष' संघ असे. 1943 साली हिंदूंविरुद्धच्या अंतिम सामन्यात या उरलेल्यांच्या 387 धावांपैकी 309 एकट्या हजाऱ्यांच्या होत्या! भाऊ विवेक याच्याबरोबर त्यांनी 300 धावांची भागी केली, तीत विवेकचा वाटा 21 धावांचा. सामना शेष संघाने डावाने गमावला, पण लोक आजही आठवतात ते हजाऱ्यांना. पुढे 1948 च्या जानेवारीत ॲडलेडला, लिंडवॉल आणि मिलर यांच्या माऱ्यासमोर त्यांनी 116 आणि 145 अशी एकाच कसोटीत दोन शतके ठोकली.

आता तो सामना. फेब्रुवारी 1949, मुंबईचे ब्रेबॉर्न स्टेडियम, वेस्ट इंडीजविरुद्धची पाचवी कसोटी. भारताने तोवर एकही कसोटी जिंकलेली नव्हती. मालिकेत आपण 0-1 असे मागे. जिंकायला 361 धावा हव्या होत्या. हजाऱ्यांनी 122 काढल्या, रुसी मोदींनी 86. हजारे बाद झाले तरी दत्तू फडकर ठाण मांडून उभे होते. पाहुण्यांनी वेळ काढण्याचे डावपेच चालवल्याचा बोलबाला पुढे पुष्कळ झाला. धावसंख्या 8 बाद 355 झाली. यष्टिरक्षक सेन जखमी, म्हणजे भिस्त फडकर आणि गुलाम अहमद यांच्यावर. हव्या होत्या फक्त सहा धावा.

आणि पंच जोशी यांनी बेल्स उचलल्या. चालू षटकाचे पाचच चेंडू झाले होते आणि घड्याळात सुमारे दीड मिनिट शिल्लक होते. बहुधा त्या गदारोळात पंचांचे मोजणे चुकले. सामना अनिर्णित!

मी हिशेब मांडून पाहिला. राहिलेला एक चेंडू पडला असता आणि तेवढ्यात वेळ संपली नसती, तर नियमाप्रमाणे नवे षटकही सुरू करावे लागले असते. म्हणजे गेला तो एक चेंडू की सात, हे कोणालाच सांगता येणार नाही.

आमच्या त्र्यंबकला भाताची कापणी झाली की मोकळ्या खाचरांत क्रिकेट सुरू होते. पाठीशी ब्रह्मगिरी, यष्ट्या म्हणून तीन काठ्या आणि पंच म्हणून फलंदाजी करणाऱ्या संघातलाच कोणीतरी. त्यामुळे प्रत्येक धावबादवर भांडण ठरलेले. मीही पंच म्हणून उभा राहिलो आहे. सहा चेंडू मोजणे हे सोपे काम वाटते, पण दोन्ही बाजूंची पोरे ओरडत असतात तेव्हा हातातले खडे जड होतात. पंच जोशींकडे तर सारे ब्रेबॉर्न पाहत होते. म्हणून त्यांना दोष द्यायला माझी जीभ धजत नाही. पण फडकरांच्या जागी मी असतो तर गप्प बसलो असतो का, हे मात्र छातीठोकपणे सांगवत नाही.

अशा चुका सगळीकडे होतात. अमेरिकेत बेसबॉलच्या एका सामन्यात, 2010 साली, डेट्रॉइटच्या गालारागा या गोलंदाजाने शेवटचा गडी वगळता सर्वांना सलग बाद केले होते. शेवटचाही बाद होता, पण पंच जिम जॉइस यांनी त्याला नाबाद ठरवले. चित्रफीत पाहून पंचांनी डोळ्यांत पाणी आणून चूक कबूल केली, निर्णय मात्र बदलला नाही. आपल्या खेळात कॅमेऱ्याचा तिसरा पंच 1992 साली डर्बनला आला आणि त्याने धावबाद ठरवलेला पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर. हा योगायोग मला गमतीचा वाटतो.

हजाऱ्यांच्या हाती पुढे कर्णधारपद आले. 10 फेब्रुवारी 1952 रोजी, म्हणजे त्या हुकलेल्या सामन्यानंतर तीन वर्षे आणि दोन दिवसांनी, मद्रासला भारताने इंग्लंडला एक डाव आणि 8 धावांनी हरवले. विनू मांकड यांनी 12 बळी घेतले, पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतके काढली. हा आपला पहिला कसोटी विजय. त्याच वर्षी लीड्सला आपले पहिले चार गडी एकही धाव न होता बाद झाले तेव्हा हजारे मैदानात उतरले आणि 56 धावा करून गेले.

30 कसोटी, 2192 धावा, 7 शतके. 18 डिसेंबर 2004 रोजी बडोद्याला त्यांचे निधन झाले. फडकर त्याआधीच, 1985 साली, मद्रासला गेले होते. त्यांच्या नावापुढे मुंबईच्या त्या डावात 37 नाबाद अशी नोंद आहे.