अ‍ॅन हचिन्सन : वाळीत टाकलेल्या बाईचं घराणं

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी कच्चं आहे, सांभाळून घ्या. पण ही गोष्ट सांगायचीच होती.

अ‍ॅनचा जन्म १५९१ चा, इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये. वडील फ्रान्सिस मार्बरी धर्मोपदेशक. न शिकलेले धर्मगुरू नेमतात म्हणून चर्चवर टीका केली आणि तुरुंगात गेले. तोच स्वभाव लेकीत उतरला.

१६३४ मध्ये ती नवरा-मुलांसह बोस्टनला गेली. तिथे प्युरिटन लोकांचं राज्य. ही बाळंतपणात बायकांच्या मदतीला धावायची आणि घरी बायकांना जमवून रविवारच्या प्रवचनावर चर्चा करायची. हळूहळू पुरुषही येऊ लागले. एका बाईने धर्मगुरूंच्या चुका काढायच्या म्हणजे काय! १६३७ मध्ये गव्हर्नर विन्थ्रॉपसमोर खटला झाला. वकील नाही, एकटीच बोलली. शिक्षा हद्दपारीची. पुढच्या वर्षी चर्चनेही वाळीत टाकलं. १६४३ मध्ये, डच आणि मूळ रहिवाशांच्या लढाईच्या काळात, आजच्या न्यूयॉर्कच्या भागात ती मारली गेली. सोबतची मुलंही गेली. वाचली फक्त छोटी सुझाना.

पण थोरल्या एडवर्डचा वंश बोस्टनमध्ये वाढला. अ‍ॅनचा खापरपणतू थॉमस त्याच मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला! त्यानेच १७६७ मध्ये आपल्या इतिहासग्रंथात तिच्या खटल्याची नोंद छापली. म्हणून तिची उत्तरं आज वाचता येतात. हद्दपारी मात्र रद्द झाली १९८७ मध्ये, साडेतीनशे वर्षांनी.

हे वाचून मी घरी फोन केला, आईला माझ्या पणजीचं नाव विचारलं. तिला आठवेना.