विमानाला कृत्रिम क्षितिज देणारे एल्मर स्पेरी
ढगात शिरल्यावर वैमानिकाला बाहेरचे काही दिसत नाही आणि कानातला तोलही दगा देतो. विमान कलंडलेले असले तरी सरळच वाटते. यावर उपाय शोधण्यात एल्मर स्पेरी यांचा मोठा वाटा होता.

न्यूयॉर्क राज्यात १८६० साली जन्मलेल्या स्पेरींनी १९१० मध्ये जायरोस्कोपची कंपनी काढली. वेगाने फिरणारी चकती आपली दिशा सहज सोडत नाही, हे तत्त्व त्यांनी जहाजांत आणि विमानांत वापरले. मुलगा लॉरेन्सही याच कामात होता. डिसेंबर १९२३ मध्ये तो इंग्लंडहून विमानाने फ्रान्सकडे निघाला आणि इंग्लिश खाडीत बुडाला. तरीही कंपनीचे काम सुरूच राहिले.

२४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, फक्त उपकरणांकडे बघत विमान उडवले आणि उतरवले. त्यात स्पेरी कंपनीचे कृत्रिम क्षितिज होते. जून १९३० मध्ये स्पेरींचे निधन झाले.

अनेक जुन्या छोट्या विमानांत ही चकती व्हॅक्यूम पंपावर फिरते. पंप बंद पडला की चकती मंदावते आणि क्षितिज हळूहळू खोटे दाखवू लागते. म्हणून आता तिच्या जागी मान्यताप्राप्त इलेक्ट्रॉनिक उपकरण बसवतात. त्याच्या पडद्यावर आजही स्पेरींचेच क्षितिज दिसते.