धरणाचे आयुष्य आणि सर विश्वेश्वरय्या

दरवर्षी 15 सप्टेंबर हा दिवस आपल्या देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. ज्यांच्या जन्मदिनामुळे या दिवसास हा मान लाभला, त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या सभासदांत क्वचितच आढळेल. ते कानडी मुलखातले; परंतु त्यांची विद्या पुण्यात पूर्ण झाली आणि त्यांची कल्पकताही पुण्याच्या परिसरात प्रकट झाली. म्हणून त्यांचे अल्पचरित्र, व त्यातून आम्हांस उमगलेला एक व्यावहारिक धडा, यंदाच्या स्मरणिकेत वाचकबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

विश्वेश्वरय्या यांचा जन्म 1861 साली म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. पितृछत्र लहानपणीच हरपले. बंगळूर येथे शिकवण्या करून त्यांनी बी. ए. ची पदवी मिळविली आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्रवेश घेतला. 1883 साली स्थापत्याच्या परीक्षेत ते पहिले आले व पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक इंजिनीअर म्हणून नाशिक येथे रुजू झाले.

मुठा नदीवरील खडकवासल्याचे धरण त्यापूर्वीच बांधून झालेले होते. पावसाळ्यात पुराचे पुष्कळ पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात त्याच पाण्याची उणीव भासे. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसविण्याची योजना आखली. पाणी ठराविक पातळीच्या वर चढले की हे दरवाजे आपोआप उघडत आणि पूर ओसरला की मिटत. 1903 साली ते बसविण्यात आले व पाणी साठविण्याची पातळी सुमारे 8 फुटांनी वाढली. नवे धरण न बांधता जुन्यासच नवी शक्ती देणे, हे त्यांचे मोठे यश होय.

1908 साली मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले. त्या शहराच्या रक्षणासाठी वरच्या अंगास जलाशय बांधण्याची योजना त्यांनीच दिली. 1909 साली ते म्हैसूरचे मुख्य इंजिनीअर झाले आणि 1912 ते 1918 पर्यंत त्या संस्थानचे दिवाण होते. कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचे काम 1911 साली सुरू झाले. चुना व सुरखीत बांधलेली ती दगडी भिंत आजही पाणी अडवून उभी आहे. 1955 साली त्यांना भारतरत्न हा किताब अर्पण करण्यात आला.

पुढचा प्रसंग मात्र मन विषण्ण करणारा आहे. 12 जुलै 1961 रोजी काम अपुरे असतानाच पाणी अडविलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खालचे खडकवासलेही फोडले आणि पुणे बुडाले. ज्या धरणावर विश्वेश्वरय्यांनी कीर्ती मिळविली ते त्यांच्या हयातीतच, ते शंभरीच्या घरात असताना, भंगले. पुढे 14 एप्रिल 1962 रोजी त्यांचे देहावसान झाले. खडकवासल्याची भिंत नंतर पुन्हा बांधण्यात आली व पुणेकर आजही तेथील पाणी पितात.

यातून बोध कोणता? धरण एक दिसले तरी त्याच्या प्रत्येक अवयवाचे आयुष्य निराळे असते. दगडी भिंत शतकभर टिकेल. पण दरवाजे, साखळ्या व पाणी रोखणाऱ्या पट्ट्या काही दशकांत झिजतात. गाळ तर वर्षागणिक साठतच असतो. कृष्णराजसागराचे अनेक जुने दरवाजे अलीकडच्या वर्षांत बदलावे लागले. 10 ऑगस्ट 2024 च्या रात्री तुंगभद्रा धरणाच्या 19 क्रमांकाच्या दरवाजाची साखळी तुटली व तो वाहून गेला. धरण सुमारे 70 वर्षांचे होते. भिंत शाबूत राहिली, पण दरवाजा गेला आणि साठविलेले अमाप पाणी नदीत सोडून द्यावे लागले. जे भाग आधी झिजणार, त्यांची मुदत व बदलीचा खर्च बांधतानाच ठरवून ठेवला पाहिजे, हे अशा वेळी फार उशिरा ध्यानी येते.

पायाभरणीस कोनशिला असते. डागडुजीस कोणी कोनशिला बसवीत नाही. म्हणूनच लोक नव्या कामास उदारहस्ते देणगी देतात आणि जुन्याच्या दुरुस्तीस हात आखडता घेतात. ज्ञातिसंस्थांची वसतिगृहे व सभागृहेही या नियमास अपवाद नाहीत. छप्पर गळू लागल्यावर वर्गणी गोळा करण्यापेक्षा, दरवर्षीच्या उत्पन्नातून थोडा भाग घसारा निधीत टाकीत जावे, असे आम्ही सर्व कुटुंबांस आग्रहाने सुचवितो. आपल्यातील जे तरुण अभियंते होऊ इच्छितात, त्यांनी नवे उभारण्याबरोबर जुने जतन करण्याची विद्याही आत्मसात करावी. खडकवासल्यास विश्वेश्वरय्यांनी तेच करून दाखविले.