भिंतीलगतचा प्रवाह उलगडणारे प्रांटल

नदीच्या मधोमध पाणी वेगाने धावते, काठाशी मात्र रेंगाळते. हे सगळ्यांनीच पाहिलेले असते. पण काठालगतचा हा संथ भागच अनेकदा साऱ्या प्रवाहाचे वागणे ठरवतो, हे दाखवून दिले जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी.

प्रांटल यांचा जन्म ४ फेब्रुवारी १८७५ रोजी फ्रायझिंग येथे झाला. आई दीर्घकाळ आजारी असल्याने ते अभियांत्रिकीचे प्राध्यापक असलेल्या वडिलांच्या सहवासात वाढले. म्युनिकमध्ये १९०० मध्ये डॉक्टरेट मिळवून ते न्यूरेंबर्गच्या यंत्र कारखान्यात रुजू झाले. तिथे लाकडाचा भुसा ओढून घेणारी यंत्रणा सुधारण्याचे काम त्यांच्याकडे आले. नळी रुंद होते तिथे हवेचा दाब अपेक्षेइतका वाढत नव्हता; हवा नळीच्या भिंतीपासून सुटत होती. यंत्रणा सुधारली, पण हवा भिंत का सोडते, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून गेला नाही.

उत्तर त्यांनी १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत मांडले. भाषण अवघे दहा मिनिटांचे होते. भिंतीला टेकलेल्या द्रवाचा वेग शून्य असतो. तिथून एका अतिशय पातळ थरात तो वाढत जाऊन मुख्य प्रवाहाइतका होतो. घर्षणाचा प्रभाव मुख्यतः या थरात, म्हणजे सीमास्तरात असतो. पुढे दाब वाढत असेल, तर थरातला मंद द्रव अडतो, उलटा फिरतो, भिंतीपासून सुटतो आणि भोवरे तयार होतात. हाताने फिरवायच्या चाकावर चालणाऱ्या पाण्याच्या पन्हळीत चकाकणारे बारीक कण सोडून त्यांनी हे प्रत्यक्ष दाखवले.

त्याच वर्षी ते ग्योटिंगेनला गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. १९१४ मध्ये त्यांनी गोलावर बारीक तार गुंडाळून सीमास्तर मुद्दाम खळबळता केला. हवेचा अडथळा वाढण्याऐवजी कमी झाला! खळबळत्या थरात बाहेरची वेगवान हवा मिसळते आणि थर भिंतीला अधिक काळ धरून राहतो. गोल्फच्या चेंडूवरचे खळगे हेच काम करतात. १९२५ मध्ये त्यांनी अशा खळबळत्या प्रवाहाचे सोपे गणिती प्रारूप दिले. भिंतीजवळचे भोवरे लहान, दूरचे मोठे, हे त्यामागचे सूत्र. प्रत्येक भोवरा मोजणे आजच्या संगणकांनाही जड जाते, म्हणून अशी प्रारूपे अजून वापरात आहेत.

त्यांच्या आयुष्याला एक अवघड बाजूही आहे. हिटलरच्या काळात ग्योटिंगेनचे संशोधन हवाई खात्याच्या पैशावर विस्तारले. प्रांटल नाझी पक्षाचे सदस्य नव्हते; हायझेनबर्ग यांच्यावर हल्ले होत असताना ते त्यांच्या बाजूने उभे राहिले. परदेशी शास्त्रज्ञांना लिहिलेल्या पत्रांत मात्र त्यांनी राजवटीचे समर्थन केले. १५ ऑगस्ट १९५३ रोजी त्यांचे निधन झाले.

प्रांटल यांचे नाव विमानांशी जोडले जाते, पण त्यांचा प्रश्न आपल्या मानेतही आहे. मेंदूकडे रक्त नेणारी कॅरोटिड वाहिनी जबड्याच्या खाली दुभंगते, तिथे ती किंचित फुगीर असते. रुंद झालेल्या त्या जागी, बाहेरच्या भिंतीलगत, रक्त मंदावते आणि मागेपुढे हेलकावते. वाहिनीच्या आतल्या पेशींना रक्ताचे घर्षण जाणवते. ते सतत कमी आणि उलटसुलट असेल, तर तिथे सूज येते आणि चरबी साठू लागते. पक्षाघाताचा धोका तपासताना डॉक्टर सोनोग्राफीत नेमकी हीच जागा बारकाईने पाहतात.

वाहिनीचा हा आकार प्रत्येकालाच असतो. तो बदलता येत नाही. पण तिथे थर किती लवकर साचेल, हे रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांवर बरेचसे अवलंबून असते. ते मात्र आटोक्यात ठेवता येते.