कोण होता बार्नी रॉस? नॉकआऊट न झालेल्या बॉक्सरची मॉर्फिनशी झुंज

चंदगडच्या तालमीतल्या पोरांना खाशाबा जाधव ठाऊक असतात; बार्नी रॉस बहुतेकांना नवा. शिकागोचा हा बॉक्सर तीन वजनी गटांत विश्वविजेता होता. १९३८ मध्ये हेन्री आर्मस्ट्राँगचे ठोसे त्याने १५ फेऱ्या झेलले, हरला, पण नॉकआऊट झाला नाही. तीच शेवटची लढत.

१९४२ मध्ये तो अमेरिकी मरीन म्हणून ग्वाडलकॅनाल बेटावर लढला. तिथे जखमा झाल्या, वर मलेरिया. वेदनेसाठी दिलेलं मॉर्फिन घरी परतल्यावरही सुटेना. पैसा गेला, पत्नी दुरावली.

१९४६ मध्ये त्याने स्वतःहून सरकारी अधिकाऱ्यांकडे व्यसनाची कबुली दिली. विश्वविजेत्याने असं करणं त्या काळी सोपं नव्हतं! लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात सुमारे चार महिने राहून तो व्यसनमुक्त झाला. पुढे अमली पदार्थांविरुद्ध उघडपणे बोलत राहिला. १९६७ मध्ये घशाच्या कॅन्सरने त्याचं निधन झालं.