पट्टीचे गणित मांडणारे फूरिए

ध्वनिमुद्रण तपासून गाण्याची पट्टी ओळखणाऱ्या संगणकप्रणाली आज संगीतकारांच्या हाताशी आहेत. त्यांचा गणिती पाया घालणारे जोसेफ फूरिए यांचे संशोधन मात्र उष्णतेविषयी होते आणि ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध होण्यास पंधरा वर्षे लागली.

फ्रान्समधील ओसेर येथे २१ मार्च १७६८ रोजी एका शिंप्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. तोफखान्यात जाण्याची त्यांची इच्छा होती. परंतु कुलीन घराण्यातील नसल्याने ते दार बंद झाले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ मध्ये त्यांना कारावास घडला. रोब्सपिएरच्या पाडावानंतर त्यांची सुटका झाली. १७९८ मध्ये ते नेपोलियनसमवेत इजिप्तला गेले. परतल्यावर १८०२ मध्ये ग्रनोबल येथे इझेर प्रांताचे प्रशासक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

दलदलींचा निचरा आणि रस्तेबांधणी सांभाळून त्यांनी उष्णतेच्या वहनाचा अभ्यास केला. कितीही गुंतागुंतीचे आवर्तन साध्या तरंगांच्या बेरजेने मांडता येते, हा सिद्धांत त्यांनी डिसेंबर १८०७ मध्ये पॅरिसच्या विद्वत्संस्थेपुढे ठेवला. ज्येष्ठ गणिती लाग्रांज यांना तो मान्य झाला नाही. १८१२ मध्ये याच विषयावरील प्रबंधास पारितोषिक मिळाले, तेही सिद्धतेत काटेकोरपणा नसल्याचा शेरा मारूनच. फूरिए यांनी काम सोडले नाही. १८२२ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. काटेकोर सिद्धता डिरिख्ले यांनी १८२९ मध्ये दिली आणि १६ मे १८३० रोजी पॅरिस येथे फूरिए निवर्तले.

ही फोड हाताने करणे अतिशय कष्टाचे होते. १९६५ मध्ये कूली व टुकी यांनी तिची जलद रीत प्रसिद्ध केली आणि ती संगणकाच्या आवाक्यात आली. पट्टी ओळखताना ध्वनीचे लहान तुकडे करून प्रत्येकातील कंपनसंख्यांचे बळ मोजले जाते. निरनिराळ्या सप्तकांतील एकच स्वर एकत्र करून बारा स्वरांचा तक्ता तयार होतो. पाश्चात्त्य संगीतातील चोवीस मेजर-मायनर पट्ट्यांशी तो ताडून पाहिला जातो.

येथेच चुका होतात. षड्जाची तार छेडली की तिच्या उपस्वरांत पंचमही उमटतो. त्यामुळे प्रणाली पंचमाची पट्टी सांगून मोकळी होते. खर्जातील स्वरांच्या कंपनसंख्या जवळजवळ असतात. ते वेगळे करण्यास लांब तुकडा घ्यावा लागतो, तर लांब तुकड्यात स्वर बदलल्याची नेमकी वेळ निसटते. म्हणून उपस्वरांचे बळ कमी धरणे आणि वाद्ये ४४० कंपनांच्या प्रमाणापासून किती ढळली आहेत हे आधी तपासणे, अशा सुधारणा केल्या जातात. फूरिए यांची फोड ध्वनीत काय आहे ते सांगते. त्यातील मुख्य स्वर कोणता, हा निर्णय अद्याप प्रणाली रचणाऱ्यावरच सोपवलेला आहे.