फक्त ‘तां’ बोलणारा पेशंट आणि पॉल ब्रोका यांचा शोध

पॅरिसच्या बिसेत्र हॉस्पिटलमध्ये लेबोर्न्य नावाचा एक पेशंट होता. सगळे त्याला ‘तां’ म्हणायचे, कारण काहीही विचारलं तरी तोंडातून तेवढंच यायचं. फार चिडला तर एखादी शिवी मात्र स्पष्ट निघायची.

एप्रिल १८६१ मध्ये त्याच्या पायाला गँगरीन झालं आणि तो सर्जन पॉल ब्रोका यांच्यासमोर आला.

ब्रोका तेव्हा ३६ वर्षांचे होते. फ्रान्समधल्या बोर्दोजवळच्या एका लहान गावातल्या डॉक्टरचा हा मुलगा पॅरिसला शिकला आणि तिथेच नावारूपाला आला. मेंदू एकसंध काम करतो की प्रत्येक कामाची वेगळी जागा असते, यावर तिथे तेव्हा जोरदार वाद सुरू होता.

ब्रोकांनी पाय तर पाहिलाच, पण प्रश्नही विचारले. इथे किती वर्षं आहेस? त्याने पाच बोटांचा हात चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवलं. एकवीस. उत्तर बरोबर होतं! म्हणजे त्याला कळत होतं, फक्त बोलता येत नव्हतं.

१७ एप्रिलला तो वारला. शवविच्छेदनात मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात, कोंबडीच्या अंड्याएवढी पोकळी सापडली. काही महिन्यांनी लेलाँ नावाचा ८४ वर्षांचा पेशंट आला. त्याच्याकडे जेमतेम पाच शब्द उरले होते. इजा जवळपास त्याच जागी! आणखी केसेस पाहून १८६५ मध्ये ब्रोकांनी सांगितलं की बोलण्याचं काम मुख्यतः डावा मेंदू करतो. तो भाग आज ‘ब्रोका एरिया’ म्हणून ओळखला जातो. मार्क डाक्स या डॉक्टरने हे आधीच लिहून ठेवल्याचा दावा त्याच्या मुलाने केला, तो वाद वेगळाच.

बोललेलं समजून घेण्याशी जोडलेला दुसरा भाग १८७४ मध्ये जर्मनीच्या कार्ल वेर्निके यांनी दाखवला.

पण ब्रोकांची दुसरी बाजूही आहे. कवट्या आणि मेंदू मोजून त्यांनी स्त्रियांना आणि युरोपाबाहेरच्या लोकांना बुद्धीने कमी ठरवलं. पेशंटचं इतकं बारकाईने ऐकणारा माणूस इथे मात्र आधीच ठरलेल्या उत्तरासाठी आकडे जमवत राहिला.

१८८० मध्ये ते सिनेटर झाले आणि त्याच वर्षी ५६ व्या वर्षी वारले.

लेबोर्न्यचा मेंदू त्यांनी आतून कापला नव्हता, जपून ठेवला होता. २००७ मध्ये त्याच मेंदूचा एमआरआय प्रसिद्ध झाला. इजा ब्रोकांनी दाखवलेल्या जागेपेक्षा बरीच खोलवर गेलेली होती.